खांदशेकणीचं तूप

अकोल्याच्या रेल्वे फाटकाशी आमची गाडी बंद पडली, तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते आणि मी सगळ्या देवांना एकदम कामाला लावलं होतं.

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी नावं ठेवायला नको. मी पालीला भिते, शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांना भिते, विजा चमकल्या की कानात बोटं घालते. पण अठ्ठावन्न सालच्या त्या डिसेंबरात माझी सगळी भीती एकाच माणसाभोवती गोळा झाली होती. शेजारच्या सीटवर शाल लपेटून बसलेले माझे बाबा… अमरावतीचे बापूसाहेब वकील.

दिवाळीत एका पहाटे त्यांच्या छातीत दुखलं. गाडी सुरू झाली नाही. टांगा मिळून दवाखान्यात पोचेपर्यंत पाऊण तास गेला. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, "या वेळी निभावलं. पुन्हा दुखलं तर अर्ध्या तासाच्या आत आणा. पाऊण तास पुन्हा चालायचा नाही." ड्रायव्हर दसऱ्यालाच सोडून गेला होता, आई लहानपणीच गेलेली. म्हणजे तो अर्धा तास माझ्या एकटीच्या गळ्यात. तेव्हापासून रोज पहाटे चार वाजता मला आपोआप जाग यायची आणि मी बाबांच्या खोलीबाहेर उभी राहून त्यांचा श्वास ऐकायची.

अकोल्याला इंदूआत्याकडे बारसं होतं, बाबांनी हट्टच धरला म्हणून गेलो. परतीच्या सकाळी आत्याच्या आळीतल्या चौघांनी ढकलून गाडी सुरू करून दिली. फाटक बंद होतं. गाडी जागेवर थरथरत उभी राहिली, दोन उचक्या दिल्या आणि थांबली. फाटक उघडलं. मागे कापसाच्या बैलगाड्यांची ही मोठी रांग, आणि सगळे धुरकरी बैलांवर ओरडायचं सोडून माझ्यावर ओरडायला लागले.

"अजी, थांबली का थांबवली?"

मागच्या ट्रकवरून एक उंच माणूस उतरून आला होता. गळ्यात मफलर, शर्टाच्या बाह्या वर सारलेल्या… त्या थंडीत! माझ्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. वाकून सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं आणि ते काळंकुट्ट बोट न्याहाळत म्हणाला, "पेट्रोल भल्लं पिऊन राहिली तुमच्यावाली गाडी. उभी केली की बंद पडत असन. अन् सकायी सुरूच होत नसन."

"तुम्हाला कसं कळलं?"

"तिनंच सांगतलं."

"अमरावतीतल्या तीन मिस्त्र्यांना नाही सांगितलं तिने. तिघंही म्हणाले, गाडी ठणठणीत आहे."

"कव्हा दाखवली त्याइले?"

"दुपारी. शाळा सुटल्यावर."

तो हसला. हसला की त्याच्या डाव्या गालाला खळी पडायची. माझं लक्ष तिकडे जायचं काही कारण नव्हतं, पण गेलं. "दुपारी हिले काय होते? हिचा रोग थंडीतला. म्या वलगावचा, चंद्रभान. अमरावतीले कापसाच्या मार्केटामागं माह्यं वर्कशॉप हाये. परवा पहाटे येतो. पन एक सांगतो बाई, म्या येईस्तोवर गाडीले हात लावाचा नाही. मले ती थंडगार पाह्यजे."

"आणि… त्याआधी गाडीची गरज पडली तर?"

हे मी हळू बोलले. त्याने माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. बाबा डोळे मिटून बसले होते, एक हात छातीवर. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"तं उद्याच येतो. बापूसायबाचं घर मले ठावं हाये," तो म्हणाला, आणि धुरकऱ्यांना हाक मारून आमची गाडी ढकलायला लावली.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला आमच्या अंगणाच्या फाटकाची कडी वाजली. धुकं, अंधार, सायकलचा मिणमिणता दिवा. नत्थुजी कंदील घेऊन पुढे झाला. नत्थुजी आमच्याकडचा जुना माणूस. बाबांच्या छकड्याचा तो धुरकरी होता. छकडा गेला, बैल गेले, गाडी आली. नत्थुजी मात्र राहिला, आणि बैलांवरची सगळी माया त्याने गाडीवर वळवली.

चंद्रभानने बॉनेटवर तळहात ठेवला. "थंड हाये," तो समाधानाने म्हणाला. मग प्लग काढून पाहिले, बॅटरीच्या तारा हलवून पाहिल्या, आणि कार्बोरेटरच्या तोंडावरची हवेची जाळी काढून बाजूला ठेवली.

"बाई, चोक ओढा. मारा स्टार्टर."

गाडी नुसतीच कण्हत राहिली. "आता पुन्हा," तो म्हणाला, आणि कार्बोरेटरच्या उघड्या तोंडावर त्याने आपला तळहात घट्ट दाबून धरला. गाडी खोकली… आणि धडधडून सुरू झाली!

मी उडी मारून खाली आले. "काय केलंत?"

"काही नाही. आत एक झाकन असते. थंडीत ते मिटाले पाह्यजे, म्हनजे हवा कमी अन् पेट्रोल जास्त जाते. सुरू झाली की उघडाले पाह्यजे. हिचं झाकन ना धड मिटून राह्यलं ना धड उघडून. म्हनून सुरूही होत नाही अन् उभी केली की गुदमरते. म्या हातानं मिटवलं." त्याने हात पुसला. "पाहाचं? या अठी. ठेवा हात."

"मी?"

"घरात गाडी चालवनारं कोन हाये दुसरं?"

मी बिचकत हात ठेवला. आतून कुणीतरी तळहात खेचून घेतल्यासारखं झालं आणि मी किंचाळून हात काढला. गाडी बंद पडली. तो खो खो हसला, आणि मग माझं मनगट धरून हात पुन्हा तिथे ठेवला… जरा वेळ. "घाबरून हात काढाचा नाही. तिले वाटते, मानूस सोडून गेलं."

गाडीचं मला ठाऊक नाही. माझं मनगट मात्र त्या दिवशी माझ्या ताब्यात नव्हतं, शाळेत फळ्यावर लिहिताना तीनदा खडू पडला.

गाडी एकदा गरम झाली की ते झाकण अगदी साळसूदासारखं हलायचं, म्हणून रोग सापडेना. दुसऱ्या पहाटे त्याने गाडी सुरूच केली नाही. थंड असतानाच कार्बोरेटर उकलला, कंदील जवळ धरला, झाकणाच्या कांडीजवळ नखाने खरवडलं. नखात पिवळं काहीतरी आलं. त्याने वास घेतला. मग माझ्या नाकाशी धरलं.

"तूप?" मी म्हटलं.

"तूप. अन् हयद."

आम्ही दोघांनीही एकदम नत्थुजीकडे पाहिलं. नत्थुजीचा चेहरा उजळला होता. कुणीतरी विचारलं एकदाचं!

"खांदशेकनी केली होती न म्या. पोयाच्या आदल्या दिवशी," तो म्हणाला. "बैलं तं गेले. आता घरातलं वझं वढनारी हीच. मंग हिचे खांदे शेकाचे नाही? ते कांडी हालते तठी खांदा असन असं वाटलं मले. चांगलं कोमट करून, हयद घालून जिरवलं."

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपाने शेकतात, ते त्याने गाडीचे शेकले होते. पोळ्याच्या उकाड्यात ते तूप पातळ होतं, कुणाला काही कळलं नाही. थंडी पडली तसं पहाटे थिजायला लागलं. वर कापसाच्या दिवसांतला फुफाटा आणि तंतू बसून त्याचा डिंक झाला. खिडकीतून बाबा ऐकत होते. ते हसायला लागले, दिवाळीनंतर पहिल्यांदाच. आणि मी… मला त्या हसण्याचीही भीती वाटली. ती भीती मी नत्थुजीवर काढली.

"हसताय काय सगळे! नत्थुजी, त्या तुपापायी बाबांचा जीव गेला असता!"

नत्थुजी जागीच उकिडवा बसला आणि धोतराच्या सोग्यात तोंड लपवून रडू लागला. "आता गाडीजवळ तुपाचा हातही नेत नाही, ताई. बापूसायबाची आन." मला लाज वाटली. पण शब्द तोंडातून गेले होते.

चंद्रभानने घासलेटाच्या चिंधीने सगळं साफ केलं. तिसऱ्या पहाटे गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली आणि जागेवर संथ, एका सुरात चालत राहिली. चौथ्या पहाटे तो म्हणाला, खात्री करून घ्यायला आलो. पाचव्या पहाटे काहीच म्हणाला नाही. मी चहा दिला. तो बशीत ओतून फुंकर घालत होता, वाफेतून माझ्याकडे पाहत.

"बाई, एक इचारू? अख्खं गाव मले चंद्रभानभाऊ म्हनते. तुमी काहून नाही म्हनत?"

"मी शिक्षिका आहे. कुणाला काय म्हणायचं ते विचार करून ठरवते."

"मंग? ठरलं काय?"

"एक नक्की ठरलंय… भाऊ म्हणायचं नाही."

चहाचा ठसका लागून तो इतका खोकला की नत्थुजी पाणी घेऊन धावला. मी आत पळाले. हे मी बोलले? पालीला भिणारी मी?

सहाव्या पहाटे तो आला नाही. येणार कशाला, गाडी नीट होती! दहा दिवस ती रोज पहिल्या झटक्यात सुरू झाली, आणि रोज मला तिचा राग आला. कापसाच्या मार्केटावरून मी दोनदा उगाच लांबचा रस्ता घेतला. तो ट्रकखाली असायचा, नुसते पाय दिसायचे. गाडी थांबवून काय म्हणू? वकिलांची मुलगी, वलगावच्या शेतकऱ्याच्या मुलाच्या वर्कशॉपसमोर… चार माणसं बघणार, संध्याकाळी बाबांच्या कानावर जाणार. बाबांच्या छातीला काय झेपेल? मी भिऊन गाडी पुढे काढायची.

शनिवारी नत्थुजी बाजारातून बातमी घेऊन आला. "चंद्रभान सोमवारी धारणीले चालला. जंगलातल्या ठेकेदाराच्या ट्रकांवर. आता पावसायालेच वापस."

सहा महिने. मी भाजी चिरत होते, तशीच चिरत राहिले. आणि मग मी जे केलं, ते सांगायला आजही माझी जीभ अडखळते.

संध्याकाळी मी पळीभर तूप कोमट केलं आणि गाडीपाशी जाऊन बॉनेट उघडलं. मला आता जागा पक्की ठाऊक होती, तोच शिकवून गेला होता. एवढंच मनात होतं, की रविवारी पहाटे गाडी अडेल, नत्थुजीला त्याच्याकडे पाठवीन, तो येईल. एकदाच. त्या एका पहाटे जे बोलायचं ते बोलेन. बाबा महिनाभर छान होते. एका पहाटेचा तर प्रश्न होता, असं मी स्वतःला सांगितलं.

पहाटे पाचला बाबांनी हाक मारली. हाक कसली, नुसतं "पमू…" आणि पुढे श्वासच नाही. ते पलंगावर उठून बसले होते, कपाळावर घाम, ओठ निळसर.

 नत्थुजीने आणि मी त्यांना उचलून मागच्या सीटवर ठेवलं. मी चोक ओढला, स्टार्टर मारला. नुसतं कण्हणं. पुन्हा. पुन्हा. बॅटरी मंदावत चालली. मागून बाबांचा घरघरता श्वास, आणि माझ्या कानात एकच… मी मारलं. माझ्या बाबांना मी मारलं.

"नत्थुजी, हँडल मारा!"

मी बॉनेट उघडलं, जाळी ओरबाडून काढली आणि कार्बोरेटरच्या तोंडावर तळहात दाबला. नत्थुजीने गाडीच्या पुढच्या भोकात लोखंडी हँडल घालून फिरवलं. गाडी खोकली, मी घाबरून हात काढला, बंद. त्या म्हाताऱ्याने पुन्हा सगळा जीव एकवटून हँडल मारलं. गाडीने हात आत खेचला, पेट्रोल बोटांवर उडालं, खालून फटकन आवाज झाला. मला पळून जावंसं वाटत होतं. पण मी हात काढला नाही. धडधड वाढत गेली, वाढत गेली… तेव्हा कुठे पळत जाऊन मी पायाने पेट्रोल दिलं. सगळा रस्ता गाडीमागे काळ्या धुराचा लोट होता. मी ती कुठेच उभी केली नाही.

"वेळेत आणलंत," डॉक्टर म्हणाले. "आता धोका टळलाय. पण चार दिवस त्यांच्याशी काही ताणाचं बोलू नका." मी व्हरांड्यातल्या बाकावर बसले.

दहाच्या सुमाराला अंगणातून आवाज आले. नत्थुजी चंद्रभानला घेऊन आला होता. चंद्रभानने बॉनेट उघडून पाहिलं, बोट फिरवलं, आणि त्याचा आवाज चढला.

"नत्थुजी, तूप! पुन्हा? अरे, म्हातारा मानूस मेला असता न!"

नत्थुजी हात जोडून उभा होता. सकाळी हँडल मारून त्याचे तळवे सोलले होते. "माह्याच हातून झालं असन, भाऊ," तो म्हणत होता. "म्हातारपन. याद नाही राहत. आन घेतली होती न म्या… कसं झालं तं…"

व्हरांड्याच्या पायऱ्या चार होत्या. त्या उतरायला मला जितकं धैर्य लागलं, तितकं पहाटेही लागलं नव्हतं.

"नत्थुजींनी नाही," मी म्हटलं. "तूप मी घातलं. काल संध्याकाळी."

नत्थुजीने जोडलेले हात खाली घेतले.

"काहून?" चंद्रभानने अगदी हळू विचारलं.

"तुम्ही यावं म्हणून. सोमवारी जाणार होतात… मला दुसरं काही सुचलं नाही. तुम्ही मला आवडता, म्हणून."

असं सांगायचं नसतं ना प्रेम? दवाखान्याच्या अंगणात, पेट्रोलने माखलेल्या हातांनी, चोरी कबूल केल्यासारखं. पण माझं तसंच झालं. मी नत्थुजीच्या पाया पडले. "ताई, असं नाही करत," म्हणत तो मागे सरला आणि रडू लागला.

चंद्रभान हसला नाही. त्याने चिंधी घेतली, सगळं तूप पुसलं, गाडी सुरू करून पाहिली, बंद केली. हात धुतले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "मले आता काही बोलता येत नाही, बाई. मले राग येऊन राह्यला, अन् भेवही वाटून राह्यलं." आणि सायकल घेऊन गेला.

बाबा वाचले, त्याला मी गमावलं. याहून स्वस्तात मी सुटणार नव्हते, असं मनाशी म्हणत मी रात्रभर बाबांच्या उशाशी बसले.

पण सोमवारी पहाटे दवाखान्याच्या अंगणात आमच्या गाडीचा आवाज आला. मी व्हरांड्यात धावले. चंद्रभान बॉनेटवर वाकला होता. त्याने गाडी सुरू केली, जरा वेळ जागेवर चालू ठेवली, बंद केली, नत्थुजीच्या तळव्यांना मलम लावलं आणि गेला. माझ्याशी एक शब्द नाही. मंगळवारी पहाटे तेच. बुधवारीही तेच. धारणीची मोटार सोमवारीच निघून गेली होती. मी खांबाआड उभी राहून रोज पाहत होते, आणि रोज भीत होते, की उद्या येणार नाही.

गुरुवारी गाडी पाहून झाल्यावर तो गेला नाही. पायऱ्या चढून वर आला आणि माझ्यासमोर उभा राहिला. चेहरा ओढलेला, दाढी वाढलेली.

"बाई, बोलावलं असतं तं म्या आलो असतो. नत्थुजीच्या हाती एक चिठी पुरली असती."

"धीर झाला नाही. मी भित्री आहे."

"अन् म्या?" तो म्हणाला. "दहा दिवस ट्रकाखाली लपून होतो. तुमची गाडी जाताना दिसे, पन भाईर येऊन हाक माराची हिंमत नव्हती. म्हनून तं धारणी पकडली होती. तुमच्यावाल्या घरची पायरी चढाचं भेव."

मला हसूही आलं आणि रडूही. "मग आता?"

"डॉक्टरायनं चार दिवस म्हनलं होतं न? झाले चार दिवस. चाला आत."

"बाबांकडे? आत्ता?" "काय सांगायचं त्यांना?"

"तुपाचं तुमी सांगा," तो म्हणाला. "बाकीचं म्या सांगतो."

मी त्याचा हात धरला. आम्ही आत गेलो. बाबा उशीला टेकून बसले होते. दोघांना एकदम दारात पाहून त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, मग आमच्या हातांकडे, आणि चष्मा मागितला. मी तो पुसून त्यांच्या डोळ्यांवर ठेवला आणि सांगायला सुरुवात केली.